नदीकाठी चालायला

आमचं गाव भीमेच्या काठावर आहे. एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड, आणि दोघांनाही आम्ही दुसऱ्याचे वाटतो. जवळच्या कारखान्यांमुळं गावात भाडेकरू आले, भाडेकरूंसाठी इमारती आल्या, इमारतींच्या नावांत 'रिव्हर' हा शब्द आला. मग कुठूनतरी नदी दाखवणं भाग पडलं. आमच्या पुढाऱ्यांपैकी कुणीतरी गुजरातेतला नदीकाठ पाहून आलं होतं. परतल्यावर त्यांनी ग्रामसभेत पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रांतलं पाणी निळं होतं आणि माणसं गोरी होती.

काम मात्र झालं, हे कबूल केलं पाहिजे. फरशा बसल्या, स्टीलचे कठडे आले. गावाच्या नावाची माणसापेक्षा उंच अक्षरं उभी राहिली आणि त्यांच्या मधोमध लाल बदाम. पाहुणे आले की उडणारं कारंजं आलं. हंसाच्या आकाराच्या दोन बोटी आल्या. त्यातली एक जलपर्णीत अडकली ती अजून तिथंच आहे. लांबून पाहिलं तर हंस हिरवळीवर बसल्यासारखा दिसतो आणि फोटोत तो बराच चांगला येतो. काठानं वॉकिंग ट्रॅक झाला, मागं खाण्याच्या गाड्यांची ओळ लागली. तिला चौपाटी म्हणायचं ठरलं. फक्त मधला दशक्रियेचा घाट हलवायची कुणाची छाती झाली नाही. त्याला वरून फरशी घातली आणि तो तसाच ठेवला. त्यामुळं सकाळी जिथं पिंड ठेवतात, तिथंच संध्याकाळी पायऱ्यांवर बसून लोक पाणीपुरी खातात.

या सगळ्यावर मी पुण्याच्या एका दैनिकात टिंगलीचा लेख लिहिला होता. तो कौतुकाचा आहे असं समजून त्याला फ्रेम करण्यात आली आणि तो बोटीच्या तिकीट खिडकीशेजारी टांगण्यात आला. मी खुलासा केला नाही. कारण त्या काळात मी रोज संध्याकाळी त्या खिडकीसमोरून जात होतो. बरोबर आप्पा असायचे.

आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. त्यांना साखर होती, वर रक्तदाब होता. वहिनींनी घरातलं तळण बंद केलं, गूळ कुलपात ठेवला, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांना रोज चालायला पाठवू लागल्या. सोबतीला मी. वहिनी दारात येऊन म्हणायच्या, "भावजी, नीट फिरवून आणा. मधीच बसू देऊ नका."

पहिल्या दिवशी आम्ही बाकापर्यंत चाललो. बाकाच्या मागं भज्यांची गाडी होती. आप्पा म्हणाले, "वास घ्यायला तर पथ्य न्हाई ना?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही वासावर थांबलो नाही. ते मिरचीची भजी खायचे, मी कांद्याची. खाताना ते साऱ्या काठाकडं बघत म्हणायचे, "तू लिही काय बी. पर सरकारनं माझ्यासाठी एवढं केलेलं मी पयल्यांदाच बघतोय." निघताना दोघं नळावर चूळ भरायचो. घरी जाताना ते पाय जरा ओढत चालायचे. मला वाटायचं, वहिनींना दमल्याचं दाखवायला.

ते गेले ते झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. कशानं थकलं ते मी विचारलं नाही.

दशक्रिया त्याच घाटावर झाली. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे निम्मी सभा असते. मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, प्रवचन झालं, मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. आप्पांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, डोक्याचा गोटा करून, गुरुजी सांगतील तसं करून पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. आता कावळा यायचा.

कावळे होते, भरपूर होते. ते सगळे चौपाटीकडं होते. दशक्रियेला माणसं येतात म्हणून गाड्या हल्ली सकाळीच उघडतात. पोहे, वडे, चहा. कावळे त्या अक्षरांवर आणि बदामावर बसून कचऱ्याच्या पिंपात उतरत होते. आधी सुक्या भातासाठी जे जीव टाकायचे, त्यांना आता वड्याचे तुकडे मिळत होते. गुरुजी "काव काव" करून थकले.

मग रीतीप्रमाणं एकेकानं पुढं होऊन मयताच्या मनातलं ओळखायला सुरुवात केली. पुतण्या म्हणाला, "आप्पा, वावार इकनार न्हाई." कावळा हलला नाही. आप्पांचे मेव्हणे म्हणाले, "धाकटीचं लग्न आमी लावू." आप्पांची धाकटी मुलगी मंडपातच बसली होती, तिला हे नवीन असावं. नदीकाठाचं काम करवून घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक खाली न ठेवताच पिंडाला हात जोडले. "आप्पा, तुम्ही रोज या ट्रॅकवर चालायचा. गावाला शिस्त दावली. दुसऱ्या टप्प्यातल्या ट्रॅकला तुमचंच नाव देतो, हा शब्द."

माझ्या शेजारचा एक म्हातारा पुटपुटला, "कावळ्याला बी म्हाईत हाय, दुसरा टप्पा व्हत नसतो."

लोक घड्याळं पाहू लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा आला नाही की तो पिंडाला शिववायचा, म्हणजे काम होतं. तेवढ्यात वहिनी बायकांतून उठून पुढं आल्या.

"गवताचा न्हाई चालायचा," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय, माझ्यावर रुसल्यात. त्यांची काय चूक. शेवटपातुर तोंडाला चव यील असं म्या काई दिलं न्हाई. चोरासारकं सम्दं कुलपात ठिवलं." पिंडाकडं पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जेवा आता. काय पायजे ते सांगा."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पिंडावर नाही, रुसव्यावर नाही. पण तिथं बसलेल्या सगळ्या माणसांत, आप्पांना काय पाहिजे ते फक्त मला माहीत होतं, आणि वहिनी ज्यासाठी स्वतःला दोष देत होत्या ते खोटं होतं, हेही फक्त मला माहीत होतं. मी तसाच बसून राहिलो. अध्यक्षांनी आणखी एक घोषणा केली. ती बोटींविषयी होती. मग मात्र मला बसवेना.

भज्यांच्या गाडीवरच्या बाईंनी मला पाहून कढई पुढं ओढली. "तुमची कांद्याची ना?"

"मिरचीची," मी म्हणालो.

मिरच्या बेसनात बुडवून त्यांनी सावकाश सोडल्या.

कागदात भजी घेऊन मी मंडपातून पुढं गेलो. श्रद्धांजलीच्या मध्ये. तेलाचा वास माझ्याआधी पोचला असावा, कारण बोलणारे बोलायचे थांबले. माझी वाचलेली पुस्तकं, लिहिलेले लेख, सगळं त्या कागदाच्या डागात मावत होतं. मी वहिनींजवळ वाकून म्हणालो, "आप्पा रोज खायचे. मीच घेऊन जायचो."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "चालायला जायचा ना तुम्ही?"

"बाकापर्यंत."

"रोज?"

"रोज."

"आन् तुम्ही काय खायचा?"

"कांद्याची."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच पिंडाशेजारी ठेवला. आम्ही मागं सरकलो. बदामावरचा एक कावळा उतरला, कठड्यावर थांबला, मग खाली आला. भज्याकडं जाताना त्यानं पिंडावर पाय दिला. "शिवला, शिवला," गुरुजी म्हणाले आणि मंडप भराभर उठला. चोच लागली की नुसता पाय, यावर मागं दोघांचा वाद चालला होता. वहिनी कावळ्याकडं पाहतही नव्हत्या.

"मला म्हनायचं, लई चाललो, पाय भरून आल्यात," त्या म्हणाल्या. "राती म्या तेल चोळायची. घोट्यापातुर सुजल्यालं आसायचं. ते डोळं मिटून पडायचं."

मी माझ्याच पायांकडं पाहत उभा राहिलो. आप्पांच्या पायांना खरंच सूज यायची, हे मला त्या क्षणी समजलं. ती चालण्यानं येत नव्हती.

"तुमचं बी पाय दुखत आसतील म्हून एक बाटली पाठीवली व्हती तेलाची. मिळाली व्हती का?"

"मिळाली होती."

"लावली?"



माणसं पांगली, मंडपवाल्यानं सतरंज्या गुंडाळायला घेतल्या. वहिनींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "कुठं बसायचा ते दावा." मी बाक दाखवला. त्या बसल्या नाहीत. बाकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ट्रॅकवरून चालायला लागल्या. मी मागून निघालो. त्या अनवाणी होत्या आणि भराभर चालत होत्या. कारंजं मागं पडलं, हंस मागं पडला. पुढं कठड्याला गंज चढलेला होता, फरशा हलत होत्या. शेवटी फरशा एकदम संपल्या. तिथून गावाचा ओढा काळा होऊन नदीत पडत होता आणि एका सळईला 'काम चालू आहे' असं लिहिलेला पत्रा बांधला होता.

"हितवर कवा आला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या वळल्या आणि माझ्यासाठी न थांबता परत निघाल्या. मी त्यांच्या पायांकडं पाहत मागून चाललो. बाकाजवळून जाताना मला दम लागला होता. मी बसलो नाही.

तेलाची बाटली घरी फडताळात आहे. तिचं बूच मी अजून काढलेलं नाही.