शालूच्या अंथरुणाची जागा

मालवण बंदरात बोट लांब उभी राहायची आणि तिथवर होडीतून जावं लागायचं. मी आधी होडीत बसले, मग आईने तीन महिन्यांची शालू माझ्या हातात दिली. लग्नानंतर दीड वर्ष गावीच काढून मी पहिल्यांदा मुंबईला निघाले होते. पडवीतला पाळणा बरोबर द्यायचं बाबांच्या मनात होतं, पण ह्यांचं पत्र आलं, ‘खोलीत पाळण्याला जागा नाही.’ होडी सुटताना आई ओरडून म्हणाली, "चेडवाक जमनीर निजवू नको गो, गारठतला!"

जे गावी राहिले, त्यांना वाटायचं, आम्ही मुंबईत सुखात आहोत. जे माझ्यासारखे इथं आले, त्यांना वेगळं सांगायला नको. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही दोघं, भावोजी, जाऊबाई आणि गावचे तीन गिरणी कामगार, अशी सात माणसं होती. एकच खाट, ती दम्याने बेजार झालेल्या भावोजींची. बाकीच्यांची अंथरुणं पाळीप्रमाणे. एक कामावर गेला की त्याच्याच जागी दुसरा येऊन आडवा व्हायचा. जाऊबाई आणि मी सगळ्यांचं रांधायचो.

पहिले आठ दिवस शालू मोरीजवळ माझ्या कुशीत झोपली. फरशी ओली असायची. तिला खोकला झाला. मग जाऊबाईंनी आपलं जुनं लुगडं काढलं आणि तुळईला झोळी बांधली. त्यांना मूलबाळ नव्हतं. गाठ त्यांनी चारदा ओढून पाहिली.

शालूचा खोकला गेला, पण झोळीची सवय होईना. दिवसा ती तासन्‌तास रडायची. झोळीखाली दत्ताराम झोपलेला असायचा, त्या तीन कामगारांतला रात्रपाळीवाला. तोंडावर चादर ओढून घ्यायचा, पण कधी चकार शब्द बोलला नाही. मी शालूला घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायची. तिथं शेजारी ओरडले की परत आत.

महिन्याभराने गिरणीत साच्याच्या यंत्रावर असताना दत्तारामचा डोळा लागला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हाताला पट्टी बांधून घरी आला तेव्हा मला त्याच्यासमोर ताट ठेववेना. तोच म्हणाला, "वैनी, मनाक लावून घेव नकात. माझीच झोप वायट." कुणीच मला दोष दिला नाही. एकाने तरी द्यायला हवा होता, असं अजून वाटतं.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "शालूक आईकडे ठेवया." जाऊबाईंनी डोळे पुसले आणि झोळी सोडायला घेतली.

शिमग्याला गेले, शालूला आईजवळ ठेवलं आणि चार दिवसांनी एकटीच बोटीत चढले. छाती दुधाने ठणकत होती, चोळी भिजली होती. शेजारच्या बाईने मुलगा की मुलगी ते विचारलं, "झील काय चेडू?" मी चेडू म्हटलं. कुठं आहे, हे तिने विचारलं नाही.

पुढची सहा वर्षं ती येईल, येईल म्हणण्यात गेली. कुर्ल्याला दोन खोल्या मिळाल्यावर तिला आणलं. नवी गादी घेतली होती, फुलाफुलांची चादर घातली होती. शालू तिच्या कडेला बसून राहिली. "आजी खंय आसा?" एवढंच विचारत होती. मी जवळ घेतलं तर अंग आखडून पडून राहायची. शाळेत हळूहळू रुळली, शहरी मराठी बोलायला लागली, मला आई म्हणायला लागली. पण ताप आला की तिच्या तोंडून आजीचंच नाव येतं.

आता ती दहा वर्षांची आहे. यंदा मे महिन्यात आम्ही दोघी धामापूरला, माझ्या आईकडे गेलो. जेवणं उरकली तशी शालू कुणाला न विचारता माजघरात गेली आणि आजीच्या चटईवर, तिच्या शेजारी आडवी झाली. मुंबईत कुणी गाव विचारलं की मी अजून धामापूरच सांगते. घर म्हटलं की मला तेच दिसतं. मी दारातच उभी राहिले होते. आई उठली, कोनाड्यातून धुतलेली चादर काढली आणि पाहुण्यांना विचारतात तसं मला विचारलं, "तुका हातरूण खंय घालू गो?"