सविताचा पिन सगळ्या कॅफेनं ऐकला असता

मंडळी, अजून किळस गेली न्हाई.

आज दुपारी प्रश्नपत्रिका छापायला नवीन जालन्यातल्या सायबर कॅफेत गेल्ते. तिथं माझी बारावीची विद्यार्थिनी सविता बसलेली. तिला लॉटरी लागल्याचा ईमेल आल्ता. कॅफेवाला तिचा बक्षिसाचा फॉर्म भरून राह्यला होता आणि सगळ्यांसमोर विचारत होता, "एटीएमचा पिन सांग, जल्दी!"

मी अडवलं, तर हसला. "मॅडम, पोरींना काय कळतंय त्यातलं?" त्याच्या वहीत आणखी पाच मुलींचे पिन नाव-पत्त्यासकट लिहिलेले होते!

सवितानं ते पान टर्रकन फाडलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या पाचही घरी जाऊन पिन बदलायला सांगून आलो.

मी या पोरींना चक्रवाढ व्याज शिकवते. पिन कुणालाच सांगायचा नसतो, हे एकदाही सांगितलं न्हाई. माझीच लाज वाटली.

तुम्ही तुमच्या मुलीला सांगितलंय?