सिग्नलकाकांनी बसवलेला कॅम

सिग्नलकाकांनी मला फसवलं. चुकून नाही, नाइलाजानं नाही. नीट ठरवून, माझ्या डोळ्यांदेखत, मला चहा पाजून फसवलं. आणि तेही मला! अकोल्याहून एका सुटकेसवर आलो, दुसऱ्याच्या दुकानात फरशा उचलल्या आणि आज न्यू जर्सीत माझी स्वतःची टाइल-ग्रॅनाइटची दुकानं आहेत. माझ्याशी भाव करायची वेळ आली की होलसेलवाले आधी पाणी पिऊन घेतात. त्या मला एका पेन्शनर म्हाताऱ्यानं त्याच्या गराजमध्ये बसून गुंडाळलं आणि मला कित्येक वर्षं कळलंही नाही.

त्यांचं खरं नाव इथल्या मराठी मंडळाच्या यादीत असेल, पण ते कुणी वापरत नसे. कोल्हापूरचे, पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेले. निवृत्त झाल्यावर बायकोच्या मागं एकटेच राहिले आणि इथल्याच आयसेलिन गावातल्या घरामागच्या गराजमध्ये जुन्या अमेरिकन मसल कारची इंजिनं बांधू लागले. त्यांच्याकडं गोरे लोकही लांबून यायचे. सगळे इंजिनवाले गाडी किती पळते ते बघतात. काका गाडी उभी कशी राहते ते बघायचे. "हिरवा सिग्नल पडल्यावर काय, गाढवपण पळतंय," ते म्हणायचे. "लाल सिग्नलला गप उभं राहतंय का बघ. तिथं इंजिनाचं खानदान कळतंय." म्हणून सिग्नलकाका.

मी त्यांच्याकडं गेलो तो माझी सत्तर सालातली गाडी घेऊन. लांब नाकाची, दोन दारांची, गडद निळी. लहानपणी अकोल्याला एका कॅलेंडरवर मी तशी गाडी पाहिली होती आणि ते कॅलेंडर वर्ष संपल्यावरही उतरवू दिलं नव्हतं. माझी मागणी सरळ होती. गाडी मंडळाच्या पार्किंग लॉटमध्ये शिरली की आतल्या लोकांनी ताटं टेबलावर ठेवून बाहेर यायला पाहिजे. आणि वेगात मला कुणी मागं टाकता कामा नये.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. त्यांनी विचारलं, "शेजारी कोण बसणार?"

"शेजारी कोण बसतंय काका! मला स्पीड पाहिजे."

"तसं नव्हं शेठ. लग्न झालंय नव्हं? मग उद्या घेऊन ये तिला."

हा त्यांचा नियमच होता. गराजमध्ये, बेंचच्या बाजूला, स्वयंपाकघरातली एक जुनी लाल खुर्ची होती. गिऱ्हाइकाच्या बायकोला तिथं बसवून, हातात चहा देऊन काका तिची मुलाखत घ्यायचे. पाठ दुखते का, एसी किती लागतो, भाजी आणायला हीच गाडी नेणार का. गोऱ्या बायकांनाही तेच प्रश्न. माझ्या सुनंदाला बसवलं तेव्हा मी बाहेर एका सप्लायरशी फोनवर भांडत होतो. आत आलो तर दोघं हसत होती. मी विचारलं, काय झालं? सुनंदा म्हणाली, "काही नाही हो. चहा छान आहे." तिथंच मला संशय यायला हवा होता, कारण काकांचा चहा भयंकर असायचा.

मग सुरू झाला सौदा. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे झडपा उघडतात. उंचवटे मोठे असले की इंजिन वरच्या वेगात जास्त ताकद देतं, आणि उभं असताना असं धडधडतं की शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघतो. मला ती धडधड हवी होती. काकांनी कॅटलॉगमधल्या एका मधल्या कॅमवर बोट ठेवलं. मी सर्वांत खालच्या, सर्वांत मोठ्या कॅमवर ठेवलं.

"अरे, हा रेसच्या मैदानावरचा आहे," काका म्हणाले. "सिग्नलला इंजिन धापा टाकणार. ब्रेक दगडासारखे होणार. एसी लावलास की बंदच पडणार."

"ते तुम्ही बघा. तुम्ही इंजिनिअर."

मी तीन शनिवार त्यांना छळलं. उठून निघून जायचं नाटक केलं, दारातून परत आलो, दुसऱ्या इंजिनवाल्याचं नाव घेतलं, माझी सगळी हत्यारं काढली. शेवटी काकांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बरं बाबा. मोठा तर मोठा." लगेच मी शेवटचा घाव घातला. "पण भाव मधल्याचाच लावायचा." काकांनी चष्मा परत चढवला. "चालतंय," ते म्हणाले. घरी येताना मी गाडीत शीळ घालत होतो. मोठा माल मधल्या भावात! असा सौदा मी ग्रॅनाइटमध्येसुद्धा केला नव्हता.

काकांची कामाची पद्धत देवघरासारखी होती. इंजिनाचा ब्लॉक ते भांड्यांच्या साबणानं धुवायचे, पुसायचे, मग पांढऱ्या रुमालानं परत पुसून रुमाल उजेडात धरायचे. रुमाल मळला की पुन्हा आंघोळ. कोल्हापूरहून येणारं भडंग त्यांच्या जिवाचं होतं, पण ते खायला ते पार रस्त्यापर्यंत जायचे. मी एकदा चुरमुऱ्यांची मूठ घेऊन बेंचजवळ गेलो तर त्यांनी मला मांजरासारखं हाकललं. "इंजिनाजवळ खायची वस्तू नाही!" कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडावर तर सतत एक धुतलेलं फडकं. दोन मिनिटांसाठी वळले तरी फडकं. "हे तोंड आहे," ते म्हणायचे. "वरनं काय पडेल ते गिळतंय. त्याला चव कळत नाही."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी गराजच्या पत्र्यावरचे पक्षी उडाले. खाली, पोटात घुमणारी धडधड. मी काकांना मिठी मारली. "ऐकलंत? हा मोठा कॅम!" काका म्हणाले, "सायलेन्सरपण बरा निवडलाय मी." मी तिकडं लक्ष दिलं नाही.

परीक्षा मात्र त्यांचीच. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. सोन्याच्या दुकानांतून बायका बाहेर येतात, पानवाल्यापुढं लोक गाड्या आडव्या लावतात. ऐन उन्हाळ्यात, एसी लावून, काकांनी मला त्या गर्दीत घातलं. शेजारी सुनंदा, तिच्या मांडीवर झाकण नसलेलं कढीचं पातेलं. मागं काका, डोळे मिटून. प्रत्येक सिग्नलला इंजिन धडधडत, पण शहाण्यासारखं उभं राहिलं. तापमानाचा काटा हलला नाही. कढीचा थेंब सांडला नाही. मोकळ्या हायवेवर आल्यावर काका म्हणाले, "आता दाब." मी दाबलं. कॅलेंडरवरची गाडी कागद फाडून निघाली. सुनंदा ओरडली, पण ते ओरडणं जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलीचं होतं. (पातेलं तेवढं तिनं आधीच काकांकडं दिलं होतं. त्यांच्या शर्टाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.)

त्यानंतर मी जगाला शिकवू लागलो. मंडळात, दुकानात, लग्नात. "मोठा कॅम घ्या. छोट्या कॅममध्ये मजा नाही. तो बसवणारा पाहिजे फक्त." आमच्या मंडळात एक डेंटिस्ट आहेत, त्यांना मी डॉक्टर म्हणतो आणि ते मला ग्रॅनाइट म्हणतात. त्यांच्याकडंही तशीच जुनी गाडी. त्यांनी माझं ऐकून दुसरीकडून अगदी तोच मोठा कॅम बसवून आणला. मग गणपती आले. मिरवणुकीत बाप्पा कुणाच्या गाडीतून जाणार यावर आमची कमिटीत जुंपली, चिठ्ठी टाकली, डॉक्टरांची निघाली. मी आठवडाभर जेवलो नाही नीट.

मिरवणूक म्हणजे चालण्याच्या वेगानं. पुढं ढोल, मागं डॉक्टरांची गाडी, तिच्यामागं माझी. लेझीमवाले थांबले, डॉक्टर थांबले, गाडी थरथरली, धापा टाकली आणि बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ब्रेक इतका जड झाला की ते एका ढोलवाल्याला टेकायचेच बाकी होते. शेवटी बाप्पा सन्मानानं उतरवले आणि माझ्या सुनंदाच्या मांडीवर बसवले. माझी गाडी विसर्जनाच्या तळ्यापर्यंत मांजरीसारखी गेली. डॉक्टर घामाघूम होऊन खिडकीशी आले. "ग्रॅनाइट, कॅम तोच आहे ना तुझा?"

"तोच," मी म्हणालो. "हात वेगळे आहेत."

रस्त्याच्या कडेला काका उभे होते. त्यांना अचानक खूप खोकला आला.

पुढं त्यांची तब्येत खालावली. गराज बंद झालं, लाल खुर्ची घरात गेली. पण महिन्यातून एकदा ते फोन करायचे, "शेठ, सिग्नल दाखव की." मग आम्ही दोघं त्यांना घेऊन जायचो. सुनंदा त्यांना पुढं बसवू बघायची, ते ऐकायचे नाहीत, मागंच बसायचे. शेवटच्या खेपेला एका लांब सिग्नलवर त्यांनी पुढं वाकून सीटवर हात ठेवला आणि इंजिन ऐकलं.

"चांगला कॅम आहे," ते म्हणाले.

"चांगला? राक्षस आहे काका!"

"व्हय व्हय. राक्षस." सुनंदा खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, काकांच्या तब्येतीनं तिला भरून आलंय.

थंडी संपता संपता काका गेले. झोपेतच. गराजच्या दाराशी चार जुन्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, त्यांतल्या तीन गोऱ्यांच्या. इंजिनं चालू ठेवून आम्ही सगळे थोडा वेळ नुसते उभे होतो. एकही बंद पडलं नाही. मी कठोर माणूस आहे, पण त्या दिवशी होलसेलवाल्याचा पहिला भाव मान्य केला. तो घाबरला.

मग आला दसरा. दरवर्षी गाडीची पूजा असते. यंदा काका नव्हते म्हणून मी ती थाटात केली. मंडळी बोलावली. झेंडूचे हार. सगळ्यांना इंजिन दिसावं म्हणून बॉनेट उघडं आणि कार्ब्युरेटरवरचं फिल्टरचं झाकणही काढलेलं, लखलखीत. सुनंदानं कुंकू लावलं, आरती झाली, आणि शेवटी सगळ्यांनी अक्षता टाकल्या. लग्नात टाकतात तशा. मुठीमुठीनं. डॉक्टरांनी तर नेम धरून टाकल्या असा माझा आजही आरोप आहे. मी किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, ठसकलं आणि गप्प झालं.

"काका असते तर फडकं टाकलं असतं," सुनंदा म्हणाली.

गाडी काकांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडं नेली. रे त्याचं नाव, कमी बोलणारा गोरा. त्यानं आतून तांदूळ वेचून काढले, बशीत ठेवले आणि ही कुठली अमेरिकन पद्धत नाही एवढ्या अर्थाचं माझ्याकडं बघितलं. नुकसान काही नव्हतं. तो बंद करायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, एवढं उघडलंच आहेस तर कॅमसुद्धा बाहेर काढ. डॉक्टरला फोटो पाठवायचा आहे. कळू दे त्याला राक्षस कसा दिसतो.

रेनं कॅम काढला, पुसला, टोकाशी कोरलेला नंबर वाचला, पुन्हा वाचला. मग विचारलं, मोठा कोणता म्हणालास? मी फोनवर कॅटलॉगचं पान काढून दाखवलं. त्यानं नाही अशी मान हलवली आणि बोट वर सरकवलं. मधल्यावर ठेवलं. जिथं काकांनी पहिल्या दिवशी ठेवलं होतं, बरोबर तिथं.

मी जो आवाज केला तो त्या गराजमध्ये कुठल्याही इंजिनानं केला नसेल. घरी आलो ते ओरडतच. सुनंदा भाजी चिरत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"चहा प्यायला दिला तेव्हापासून. काकांनी विचारलं, पोरी, तुला काय पाहिजे? मी म्हटलं, ह्यांना आवाज हवाय. मला शेजारी बसायचंय."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"अहो, तुम्ही इतके खूश होता! आणि काकांनी पैसे तरी मधल्याचेच घेतले ना? तुम्हीच भाव करून दिलात." तिनं सुरी खाली ठेवली. "आता बसवून घ्या मोठा. तुमची गाडी आहे. मी माझ्या गाडीनं मागून येईन."

तिथं मी अडकलो. फसवणूक म्हणावी तर दिलेल्या पैशांचा माल मिळाला. सौदा म्हणावा तर तो माझ्याशी झालाच नाही. दुसऱ्या दिवशी रेचा फोन आला, कोणता कॅम बसवू? मी दुकानात उभा होतो, समोर गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, "आहे तोच. आणि नंबर कुणाला सांगू नकोस." आता इथं लिहिल्यामुळं डॉक्टरांना कळेलच. त्यांनी माझ्याकडं येऊ नये. मीही फसलेलाच आहे. एका रांगेत उभे राहू.

पण काका, तुम्ही सुटला नाहीत. मी शनिवारी ओक ट्री रोडवर आहे. सुनंदा शेजारी आहे, एसी चालू आहे, कार्ब्युरेटरसाठी तुमचं फडकं डिकीत घडी करून ठेवलंय. मागची सीट रिकामी आहे. तीन शनिवार मी घसा कोरडा करून घासाघीस करत होतो तेव्हा तुमचा सौदा लाल खुर्चीवर आधीच झाला होता. मग माझ्याशी इतका वेळ का भांडलात? मजा बघायला? की मी जिंकलो असं मला वाटावं म्हणून? माझ्या आयुष्यात मला मधल्या भावात मधलाच माल देऊन इतकं सुखी कुणी केलं नाही, आणि याचा जाब मला हवा आहे. सिग्नल लाल आहे. इंजिन गप उभं आहे. घाई नाही. बोला, काका.