कडुबा फिटरचं नाव दोन याद्यांत

मशीन बिघडली की कडुबा आधी पाना उचलत नसं. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची अन् डोळे मिटून उभं राहायचं. मशीनचं दुखणं कुठं हाय ते त्याला तिथंच कळायचं. एकवीस वर्षं एकाच कंपनीत त्यानं हेच केलं. मग मालकानं कंपनी दुसऱ्या राज्यात नेली अन् कडुबा मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीत येऊन बसला. वय त्रेचाळीस. सोयगावाकडं घर व्हतं, पण गावात फिटरला काय काम? विहिरीवरची मोटार वर्षातून एकदा जळती.

सात महिने तो गेटोगेट हिंडला. वॉचमन अर्जाचा कागद घ्यायचा अन् त्याच्यावरच चहाचा ग्लास ठेवायचा.

मग जुन्या कंपनीतल्या एकानं पुंडलिकनगरातल्या उजमाबाईचा पत्ता दिला. पिठाच्या गिरणीवर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस. कंपन्यांना माणसं मिळवून द्यायची अन् मेहनताना कंपनीकडूनच घ्यायचा, असं तिचं काम. कामगाराकडून छदाम नाय. ते ऐकून कडुबाची बायको मालन म्हणाली, "फुकट तर देवळातला पुजारी बी अंगारा देत नाय."

उजमानं त्याचा कागद वाचला अन् चष्मा काढला.

"कडुबाभाऊ, 'सर्व कामे येतात' असं लिहिलंय तुम्ही. असं लिहिणाऱ्याला साहेब लोक काहीच येत नाही असं धरतात. एक काम सांगा, जे तुमच्यासारखं दुसऱ्याला येत नाही."

कडुबा लाजला. मग स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं. उजमानं तेच लिहिलं, सगळ्यात वर.

"अन् एक ध्यानात ठेवा. मी जिथं तुमचं नाव पाठवीन, तिथं दुसऱ्या कुणाकडून नाव जाऊ द्यायचं नाही. गेलंच चुकून, तर आधी मला सांगायचं. मी निस्तरते. लपवलं तर माझ्या हातात काही राहत नाही."

"व्हय ताई," कडुबा म्हणाला.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. चितेगावच्या एका कंपनीत फिटरची एक जागा. ठेकेदाराकडं नाय, कंपनीच्या हजेरीवर. बुधवारी मुलाखत.

कडुबाला आनंद झाला अन् त्याच्या पाठोपाठ भ्याव शिरलं. आपल्याकडं बैल घ्यायचा असो की पोरीला पाहुणे पाहायचे असो, मधी कुणीतरी शब्द टाकणारा लागतो. त्याच्याबिगर काम म्हंजी जामिनाबिगर आरोपी. ही बाई चांगली, पण ती ना नात्याची ना गावाची. अन् मालनचा भाऊ रामकिसन तर त्याच कंपनीत ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याला सोडून गेलं तर उद्या तोच म्हणणार, दाजीला मी दिसलो नाय का?

रामकिसन रविवारी आला. "दाजी, एवढंच ना? आधारची झेरॉक्स द्या अन् ह्या फॉर्मवर सही करा. साहेबापुढं काहीतरी धरावं लागतं."

कडुबानं सही केली. फॉर्म वाचला नाय. पाहुण्यानं आणलेला कागद समोर बसून वाचायचा, म्हंजी त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा.

"त्या बाईला सांगा बरं," मालन म्हणाली.

"तिला कशाला? ही घरातली गोष्ट हाय."

बुधवारी चितेगावात मेंटेनन्सच्या बड्या साहेबानं त्याला थेट प्रेस मशीनपाशी नेलं. कडुबानं स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "मोटारीकडचं बेअरिंग चांगलं हाय. पल्याडचं गेलं." खोलून पाहिलं, तसंच निघालं. साहेब हसला अन् म्हणाला, "सोमवारी या."

घरी येऊन त्यानं सात महिन्यांनी पोटभर भाकरी खाल्ली.

शुक्रवारी उजमाचा फोन. आवाज शांत व्हता. "कडुबाभाऊ, चितेगावला तुमचं नाव अजून कुणाकडून गेलंय का? तिथला ठेकेदार तुम्हाला आपला माणूस म्हणतोय. खरं सांगा. आज दुपारपर्यंत वेळ आहे."

समोर रामकिसनचा चेहरा आला. मालनचं माहेर आलं. "नाय ताई," कडुबा म्हणाला.

त्या एका 'नाय'वर ती चितेगावला जाऊन भांडली. आमचा माणूस आहे, ठेकेदार खोटं बोलतोय, असं तिनं ऑफिसात छातीठोक सांगितलं. ऑफिसवाल्यानं तिच्यापुढं फॉर्म सरकवला. आधारची झेरॉक्स, कडुबाची सही. अन् वर लिहिलेलं: हेल्पर.

जो हेल्परच्या पगारात यायला तयार हाय, त्याला फिटरचा पगार अन् वर एजन्सीचा मेहनताना कशाला द्यायचा? ठेकेदार म्हणाला, माझा माणूस. बड्या साहेबानं दोन शब्द टाकून पाहिले, पण ऑफिस हललं नाय. वादातला माणूस कंपनीच्या हजेरीवर नको, असं ठरलं.

कडुबा गिरणीचा जिना चढून गेला तेव्हा उजमा दुसऱ्या कुणाचा कागद टाइप करीत व्हती.

"दोन जागी नाव दिलं त्याचा राग नाही," ती मान वर न करता म्हणाली. "सगळेच देतात. तुम्ही फोनवर व्हय म्हणाला असता, तर ठेकेदाराचा फॉर्म मागं घ्यायचं पत्र तुमच्या सहीनं तासाभरात गेलं असतं. जागा वाचली असती. आता त्या कंपनीत माझ्याच शब्दाला किंमत नाही, तर तुमच्यासाठी कुठून टाकू?"

खाली गिरणी चालू झाली. कडुबानं सवयीनं कान दिला अन् जिना उतरला.

घरी मालन म्हणाली, "दोन घरचा पाहुणा..." पण भाऊ तिचाच व्हता. तिनं फोडणी टाकली.

रामकिसनचा फॉर्म मात्र मंजूर झाला. पहिल्या तारखेपासून कडुबा चितेगावला जायला लागला, हेल्पर म्हणून. फिटरच्या जागेवर सम्यक नावाचा तिशीतला माणूस आला. स्वभावानं बरा, कडुबाला काका म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात दोन नंबरच्या प्रेसचा आवाज बदलला. झाडता झाडता कडुबा थांबला.

"सम्यकभाऊ, हिचं बेअरिंग बोलायलंय."

"काल तर ग्रीस भरलं, काका. तुम्ही नका हात लावू, ठेकेदाराच्या माणसाला मशीनला हात लावायची मनाई हाय. माझी नोकरी जाईल."

"व्हय," कडुबा म्हणाला.

गुरुवारी प्रेस जाम झाली. सगळे धावले. बड्या साहेबानं खोललेलं बेअरिंग हातात घेतलं, अन् त्याची नजर झाडूवाल्या कडुबावर गेली. त्यानं ओळखलं. मग पाठ फिरवून नव्या बेअरिंगची ऑर्डर सांगायला लागला.

कडुबानं सांडलेल्या तेलावर भुसा टाकला अन् कोपऱ्यापासून लोटायला सुरुवात केली.