दाखल्यावरचं कारण

शाळेत कारकून असताना मी एका माणसाला फसवलं. पारगावात तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात जळकी तार ठेवायचा. "आधी कारण बघा राव, मग मोटार न्या."

आमच्या खासगी शाळेनं त्याची मुलगी वाचनात कच्ची म्हणून पुढच्या वर्गात घेतली नाही, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला सांगितलं.

"तसं लिहून द्या. पंचायत समितीत दाखवून तक्रार करतो," तो म्हणाला.

मी दाखल्यावर 'पालकाच्या विनंतीवरून' असं लिहिलं आणि नुसती पद्धत आहे म्हणत त्याची सही घेतली.

पंचायत समितीतले साहेब दाखला बघून त्याला म्हणाले, "पोरगी तुमीच काढलीय की."

पुढं माझ्या विहिरीवरची मोटार जळाली. त्यानं तार माझ्याही हातावर ठेवली. "हे कारण. खरं हाय."

"भाऊ, दाखल्यावर मी खोटं लिहिलं. मला माफ करा."