नवरदेवाच्या गाडीचा विमा

माझ्या बापाने सख्ख्या भावाचं लग्न मोडलं, ते एका गाडीच्या विम्यापायी. नातेवाईक म्हणतात, जाऊ दे ना, जुनं झालं. काहून जाऊ देऊ?

गाडी आजोबांची. इंग्रजांच्या काळातली, काळी, टप मागे गुंडाळता येणारी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका मालगुजाराच्या कोठारातून उचलून आणली होती. आजोबा गेले, मोठा मुलगा म्हणून कागदावर बाबांचं नाव चढलं आणि काम सगळं काकाच्या अंगावर पडलं. हँडल मारून ती सुरू करावी तर काकानेच. बाबांनी मारलं की नुसती खोकायची. काका चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, आमच्याच मागच्या खोलीत राहणारा. त्याला पगार नव्हता. दोन वेळचं ताट होतं आणि ताटाबरोबर बाबांची बोलणी.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावात एकाएकी पैसा आला. ज्या ठेकेदाराला पाहावं त्याच्या पोट्ट्याला वरातीला जुनी गाडीच पाहिजे. सदर बाजारातून काका ती हळूहळू काढायचा, पुढे बँड, मागे नाचणारे, बाजूने स्कूटरवाल्यांच्या शिव्या. पण गाडीची पाटी पांढरी, म्हणजे घरगुती, आणि विमाही घरगुती. भाड्याने चालवायला तो चालत नाही. पोलिसाने अडवलं की काका हात जोडायचा, "भैया, घर की गाडी है, दूल्हा अपना भांजा है." एकाच हंगामात त्याला इतके भाचे झाले की आई म्हणायची, "भावजी, भाचे पुरे झाले, आता बायको पाहा."

मग एका वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाईला गाडीचा मडगार्ड लागला. खरचटलं तेवढंच, पण बाबांची पाचावर धारण बसली. ती बाई मेली असती तर कंपनीने हात वर केले असते आणि आमचं घर विकावं लागलं असतं. ठरलं, गाडी पिवळ्या पाटीवर न्यायची, परमिट काढायचं, भाड्याचा विमा घ्यायचा.

ठरवलं बाबांनी, चपला झिजवल्या काकाने. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीला भाड्याचं पासिंग द्यायला कोण तयार होतं? "इसको म्यूजियम में दे दो," म्हणून लोक हसायचे. काकाने ब्रेक नवे केले, वळायचे दिवे बसवले, स्वतःचे डोळे तपासून घेऊन भाड्याची गाडी चालवायचं लायसन काढलं. शेवटी पासिंग झालं बाप्पा! राहिला विमा. कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी पाहणार होता.

त्याच दिवसांत काकाला अभनपूरचं स्थळ आलं. पोरगी शाळेत मास्तरीण, तिशी उलटलेली, माणसं आमच्यासारखीच नागपूरकडची. दोघा भावांची गाडी आहे, दोघांचा धंदा आहे, असं मध्यस्थाला बाबांनीच सांगितलं होतं. रविवारी पोरीचे वडील आणि मामा आले. काकाने केस रंगवले होते, एका कानावर काळा डाग राहिला होता. पोहे झाले, बोलणं जमलं. सगळे अंगणात गाडी पाहायला आले तर काकाने एका हँडलात ती सुरू केली. वडील खुशीत म्हणाले, "आमची पोरगी याच गाडीतून येईन ना?" काका लाजून म्हणाला, "हव." त्याला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि विम्याचा माणूस टपकला. यायचा होता शनिवारी. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, फोटो काढले आणि विचारलं, "चलाता कौन है? मालिक खुद, या तनख्वाह वाला ड्राइवर?"

बाबांनी काकाकडे बोट केलं. "ये चलाता है. ड्राइवर है, तनख्वाह पर."

"घर के आदमी हैं?"

"घर में रहता है."

मामांनी हातातला चहा ओट्यावर ठेवला. वडिलांनी काकाला विचारलं, "खरं आहे का हो?" काकाच्या हातात अजून हँडल होतं. एक शब्द बोलायचा होता रे काका, मी याचा भाऊ आहे एवढाच! काका म्हणाला, "दादा म्हणतात तर तसंच असंन."

कळवतो म्हणून पाहुणे गेले, ते गेलेच.

स्वयंपाकघरात आईने बाबांना धरलं. "भाऊ म्हणताना जीभ झडली होती का तुमची?"

"भाऊ म्हटलं असतं तर लग्न झाल्यावर बायकोनं अर्धी गाडी मागाले लावली असती," बाबा म्हणाले. "चार लोकांदेखत झालं, बरं झालं."

विमा झाला, पिवळी पाटी लागली. त्याच हंगामात अभनपूरला न्यायची एक वरात आली. नवरी तीच मास्तरीण. बाबांना पत्ता पाहूनच कळलं होतं, तरी त्यांनी हो म्हटलं. आई हातापाया पडली, दुसरा कोणी पाठवा. बाबा म्हणाले, "हँडल कोण मारीन, तू?"

नवरदेवाला घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचा मुलीकडचे मान करतात, कुंकू लावून नारळ आणि दुपट्टा देतात. दुसऱ्या दिवशी काका परतला तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकू होतं. कोणी लावलं म्हणून आईने विचारलं तर म्हणाला, "पोरीच्या वडिलांनी. वळखलं त्यांनी मले."

बाबांनी नारळ ओट्यावर आपटून फोडला, एक तुकडा तोंडात टाकला. "गोड निघाला," म्हणाले, आणि एक तुकडा काकापुढे धरला. तीच करवंटी उचलून बापाच्या टाळक्यात घालावी असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

काकाने तुकडा घेतला, सगळा चावून खाल्ला. गळ्यातल्या नव्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "दादा, उद्याची वरात कोणीकडची आहे?"