न धुतलेली किटली

आमच्या घरी कोणी ‘राहू दे, कशाला उगाच’ म्हणालं, की त्याचा अर्थ ‘लगेच कर’ असा होतो. पाहुणा ताट उचलायला लागला की आई म्हणणार, ‘अहो, राहू द्या,’ आणि पाहुण्यानं ते ताट धुऊनच ठेवायचं. नाही ठेवलं, तर तो गेल्यावर त्याच्या संस्कारांचा विषय निघायचा. एवढ्याशा शिक्षणाच्या जोरावर मी अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या घरात जो गोंधळ घातला, तो सांगतो.

कंपनीनं कायमचं घरून काम करा म्हणून सांगितलं, तेव्हा मी उत्साहाच्या भरात स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून बरंच लांब, शेतांच्या मध्ये घर भाड्यानं घेतलं. बायकोला म्हणालो, ‘तिथे शांतता आहे.’ शांतता होतीच. इंडियन स्टोअर नव्हतं, वारा सुटला की इंटरनेट नव्हतं, आणि माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून फक्त एक गोठा दिसायचा.

गोठ्याचा मालक इंग्रज होता. अस्सल इंग्रज, उत्तर इंग्लंडमधल्या खेड्यातला. तरुणपणी एका अमेरिकन मुलीच्या मागे इथे आला. तिच्या वडिलांकडे गाई होत्या, त्यामुळे संसार आणि गोठा एकदमच गळ्यात पडले. ती आता गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. इंग्लंडमधले त्याचे वडील वारल्यावर त्यानं आपल्या आईलाही इकडेच आणलं. वयानं ऐंशीच्या पुढची, कायम स्वेटरमध्ये. एकदा माझ्या तोंडून तिला ‘आजी’ निघून गेलं. तिनं अर्थ विचारला आणि म्हणाली, मग तेच म्हणत जा.

आम्ही राहायला गेलो तेव्हा गोठा भरलेला होता. मग डेअरीनं कळवलं, की दुधाची गाडी यापुढे या रस्त्याला येणार नाही. या बाजूला शेतकरी उरलेच होते किती! त्यानं गाई लिलावाला पाठवल्या. ट्रेलर निघून गेल्यावर मी शेजारधर्म म्हणून गेलो आणि त्याला म्हणालो, आता पहाटे उठायला नको, निवांत झोपता येईल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘हो, तसंही म्हणता येईल.’ या वाक्याबद्दल बायकोनं माझी अजून सुटका केलेली नाही.

झोप वगैरे काही नाही. तो रोज पहाटे रिकाम्या गोठ्यात जायचाच.

अगदी रिकामा मात्र नव्हता. एक म्हातारी गाय मागे राहिली होती. तिला कोण घेणार, असं तो म्हणायचा. खरं आजीनं सांगितलं: त्यानं तिला ट्रेलरमध्ये चढवलीच नव्हती. लग्नात सासऱ्यानं दिलेल्या पहिल्या गाईच्या वंशातली ती शेवटची, आणि गाभण. कालवड झाली तर तिच्यापासून पुन्हा चार गाई उभ्या करायच्या आणि दूध घरच्याच फाटकाशी विकायचं. नाहीतर गोठ्याला कुलूप, आणि शाळेची बस चालवायची. त्याच्या बायकोनं हे माझ्या बायकोला सांगितलं, आणि दोन्ही घरं एका गाईच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसली. सख्ख्या बहिणीच्या वेळी माझ्या बायकोनं इतके फोन केले नव्हते.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा गाय व्याली. कालवडच झाली.

मी बघायला गेलो. आता मराठी माणसासमोर नुकती व्यालेली गाय उभी करा आणि त्यानं अभिनंदनावर थांबावं अशी अपेक्षा करा! मी विचारलं, वासराचं पिऊन झाल्यावर उरलेल्या चिकाचं काय करता? थोडा फ्रीझरमध्ये ठेवतो, बाकीचा फेकतो, तो म्हणाला. ‘फेकतो’ ऐकून मला गोठ्याच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी हातवारे करून खरवस समजावून सांगितला. मागून आजी म्हणाली, आमच्याकडेही करायचे. भट्टीत भाजायचे, आणि वरून जायफळ किसायचे.

जायफळ! मला आजीच्या पायाच पडावंसं वाटलं.

त्यानं चीक आजीच्या किटलीत भरून दिला. पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची किटली. इंग्लंडहून येताना तिनं बॅगेत कपडे कमी करून ती आणली होती. देताना ती म्हणाली, ‘परत आणशील तेव्हा धुऊ नकोस हं.’

मला अगदी घरच्यासारखं वाटलं. किती अगत्य!

किटलीच्या आत वर्षानुवर्षांचे तपकिरी डाग होते. मी ती बेकिंग सोड्यात भिजवली, जुन्या टूथब्रशनं घासली, कढत पाण्यानं धुतली. बायको म्हणाली, ‘आपलं एक तरी भांडं असं घासलंयस का रे कधी?’ शिवाय भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आत साखर घातली. गूळ-वेलचीचा खरवस डब्यात घेऊन वाजतगाजत गेलो.

आजीनं झाकण काढलं. आत पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत उभा. तिनं झाकण हळूच लावलं आणि चहा तसाच टाकून आपल्या खोलीत निघून गेली. तिला माहेर आठवलं असणार, असं मी घरी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कालवडीला हगवण लागली. तिच्या पोटात नळीनं पाणी सोडून तो कुंपणाशी आला आणि हात पुसत, काहीसं हसत त्यानं मला सांगितलं. त्यांच्या भागात शेजाऱ्याला चीक दिला, की भांडं न धुताच परत यायला हवं. धुऊन आलं तर वासरू जगत नाही.

‘मी नाही मानत,’ तो म्हणाला. ‘हे जंतूंचं काम आहे. पण आई कालपासून जेवलेली नाही.’

मीही मानत नाही. मी कम्प्यूटरवाला माणूस. तरी घरी आल्यावर, चिकाचा एखादा थेंब उरलाय का म्हणून, सिंकच्या जाळीत वाकून बघितलंच.

मग आजीकडे गेलो. ती गोठ्याकडच्या खिडकीशी बसली होती, मांडीवर किटली. मी माफी मागितली, आमच्या ‘राहू दे’चं शास्त्र सांगितलं.

‘म्हणजे तुमच्याकडे नको म्हणजे हो?’

‘साधारण.’

‘आणि खरंच नको असेल तर?’

‘तर कोणी ऐकत नाही.’

ती थोडंसं हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘किटलीनं काही होत नाही, कळतं मला. पण पोरा, तो रोज पहाटे तिथे जाऊन उभा राहतो. हे वासरू गेलं, तर तो उभा कुठे राहील?’

मी निघालो तेव्हा तिनं किटलीत दूध भरून दिलं. ‘या वेळी मी म्हणते तेवढंच कर.’

दूध आम्ही पातेल्यात ओतून घेतलं आणि किटली ओट्यावर ठेवली. न धुतलेलं दुधाचं भांडं मराठी ओट्यावर ठेवणं म्हणजे काय, ते ज्यानं ठेवलंय त्यालाच कळेल. बायकोचा हात येता-जाता स्पंजकडे जायचा. शेवटी मी किटली फ्रिजवर चढवली. घरात आंबूस वास भरला. आमची मुलगी इंग्रजीत ‘ग्रोस’, म्हणजे ‘शी!’, म्हणून खोलीचं दार लावून बसली. ‘अजून किती?’ बायकोनं विचारलं. ‘कालवड उठेपर्यंत,’ मी गमतीनं म्हणालो. ती हसली नाही. तिनं किटलीवर एक ताटली उपडी घातली आणि पुन्हा विषय काढला नाही.

परत द्यायला निघालो, तेव्हा वाटेत एक विनोद घोळवत होतो. गोठ्यात तो कोपऱ्यातला वासराचा कप्पा पाइपनं धूत होता. खाली गवत नव्हतं.

माझ्या हातातली किटली पाहून त्यानं पाणी बंद केलं, झाकण काढलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं.

‘आत्ता बरोबर आणलीस,’ तो म्हणाला. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

तेवढ्यात गाय हंबरली. वासरू गेलं तरी तिची कास भरायची थांबली नव्हती. तो दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत स्टुलावर बसला आणि बादलीत धारा काढायला लागला. शाळेच्या बसचं विचारावं असं माझ्या मनात आलं होतं. त्याऐवजी मी किटलीचं झाकण लावलं.

किटली आत नेऊन दिली. आजीनं झाकणाला हात लावला नाही.

‘धुतलीस?’

‘नाही.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. मग ती हळूहळू सिंककडे गेली, गरम पाण्याचा नळ सोडला आणि किटली स्वतःच धुवायला लागली.